नॉर्टन कमांडोला सेल्फ बसवावा की नाही? (किकवाले आणि बटणवाले, दोघांनीही यावे)

गडगडाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गुडघ्याने लिहायला लावलं.

माझ्याकडे १९७२ची नॉर्टन कमांडो ७५० ही ब्रिटिश मोटारसायकल आहे, किकवाली. राहायला कोव्हेंट्रीत. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना इथून जवळच होता. १९८३मध्ये तो बंद पडला, आणि आता त्या जागी घरं आहेत. गल्ल्यांची नावं मात्र ट्रायम्फच्याच गाड्यांवरून, बॉनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह. त्या गल्ल्यांतून नॉर्टन घेऊन जायला मला उगाचच मजा येते.

तर उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली होती, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, फुटबॉल खेळता का? नाही म्हटलं. मग काही काळजी नाही, म्हणाल्या. कमांडोबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

ज्यांनी ही गाडी कधी चालू केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही पेट्रोलकॉक उघडायचे. अमालचे दोन कार्बोरेटर, दोघांच्याही बाजूला एक बारीक घुंडी असते, ती पेट्रोल पाझरून बोटांवर येईपर्यंत दाबून धरायची (हातमोजे आधी काढा, नाहीतर दिवसभर पंपावर काम केल्यासारखा वास). मग क्लच दाबून दोन-चार रिकाम्या किका, म्हणजे चिकटून बसलेल्या क्लचप्लेटा सुटतात. चावी फिरवायची. किक हळूहळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत आणायची, दांडी परत वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच लाथ. ७४५ सीसी, दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होणारे, आणि बुलेटसारखा डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) खटका नाही. उन्हाळ्यात निमूट उठते. जानेवारीत तेल गारठलं की दांडीवर उभं राहिलो तरी खाली जायला तयार नसते.

समोर तीन वाटा दिसतात. एक, ही विकून १९७५ची ८५० मार्क थ्री घ्यायची, तिला कंपनीचाच सेल्फ आहे. पण तिचा गिअर डाव्या पायात. अमेरिकन नियमापायी त्यांनी बाजू बदलली. मी सांगलीत काकांच्या जुन्या बुलेटवर शिकलो, उजव्या पायात गिअर, एक वर बाकी खाली, कमांडोचंही तसंच. या वयात पायांची अदलाबदल नको वाटते. दोन, फ्रान्सच्या आल्टनचा सेल्फ-किट याच गाडीला बसवायचा. तीन, गुडघ्याला पट्टा बांधून आहे तसंच रेटायचं.

किटचा आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात गुडघाच नवा येईल. सांगा काय करू.

शेंगदाणा_चटणी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंभरी नक्की.

सांगलीकर५००

काकांच्या बुलेटचं नाव काढलंत आणि वर सेल्फ विचारताय? काकांना कळवू का?

माझं मत सरळ आहे. किक म्हणजे रोज सकाळी इंजिनाची नाडी बघणं. पायाखाली कॉम्प्रेशन किती आहे ते कळतं, टॅपेट घट्ट झालाय का, व्हॉल्व्ह गळतोय का, सगळं तळव्याला समजतं. बटण दाबणाऱ्याला गाडी बंद पडेपर्यंत काही कळत नाही.

दुसरं म्हणजे बॅटरी. माझ्याकडे घरची बीएसए एम२० आहे, युद्धाच्या काळातली, ४९६ सीसी साइड व्हॉल्व्ह. इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतो (फिरला की स्वतःच वीज करतो), बॅटरी फक्त दिव्याला. पावसाळाभर झाकून ठेवतो. दसऱ्याला पेट्रोल भरायचं, हँडलवरचा खटका ओढून स्पार्क मागे घ्यायचा, व्हॉल्व्ह उचलून कॉम्प्रेशनच्या पुढे काढायचं आणि किक. बॅटरी काढून कपाटात ठेवली तरी गाडी चालू होते. तुमच्या सेल्फवाल्या गाडीला चार महिने झाकून ठेवा आणि मग बोला.

घाटवाट

+१ फक्त नाडीच्या मुद्द्याला. बाकीच्याला नाही.

मी पुण्यात बाबांची कास्ट आयर्न बुलेट ३५० चालवते. उंची पाच फूट एक इंच, वजन सांगणार नाही. किक ताकदीने मारायची नसते हे मला बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं. अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मधोमध आला की थांबायचं, डिकॉम्प दाबून दांडी बोटभर पुढे सरकवायची, सोडायचं, मग वरून खालपर्यंत एक सलग किक. दांडी अर्ध्यात सोडायची नाही. एवढं जमलं की वजन लागत नाही.

पण रस्त्यावर काय होतं ते किकप्रेमी पुरुषांना माहीत नाही. चांदणी चौकात गरम गाडी सिग्नलला बंद पडली. न्यूट्रल सापडेपर्यंत मागे हॉर्नची आरास. एक दादा उतरून आले, "ताई, मी मारून देऊ का?" नको म्हणेपर्यंत पाय दांडीवर. पायात चप्पल, काट्याकडे बघायचं असतं हे माहीत नाही, थ्रॉटल पूर्ण पिळलेला. घामाघूम झाले, इंजिनात पेट्रोल भरून ठेवलं आणि "बॅटरी गेलीय तुमची" असं सांगून निघून गेले. मग मी पेट्रोल बंद केलं, थ्रॉटल उघडा ठेवून, डिकॉम्प दाबून आतलं पेट्रोल बाहेर काढलं, जरा दम खाल्ला, आणि काट्यावर आणून किक मारली. चालू.

तर गडगडाट, घरासमोर किक मारणं हा छंद आहे, चौकात किक मारणं ही शिक्षा. सेल्फ बसवा. किकेची मजा घरासमोर घ्या.

इतिहासाचा_किडा

वाद रंगायच्या आत थोडा जुना हिशेब मांडतो, कारण "खऱ्या ब्रिटिश गाडीला बटण शोभत नाही" हे वाक्य येणारच आहे.

ब्रिटिशांना बटणाचं वावडं कधीच नव्हतं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी बीएसएच्या सनबीम आणि ट्रायम्फच्या टायग्रेस या जुळ्या स्कूटरींना २५० सीसीत सेल्फ मिळत होता. त्याही आधी, १९४८ची व्हेलोसेट एलई: १४९ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, आणि चालू करायला किकच नाही, बाजूला हाताने ओढायचा दांडा. बूट-सूट घातलेल्या माणसाला पँट खराब न करता चालवता यावी हा हेतू. ती गाडी पुढे पोलिसांनीच जास्त चालवली, ही गोष्ट वेगळी.

१९६३मध्ये खुद्द नॉर्टननेच इलेक्ट्रा ४०० काढली. खरं तर ३८३ सीसी, डोळा अमेरिकन ग्राहकावर, आणि बटण. पण तेव्हा ब्रिटिश मोटारसायकलींचा सगळा संसार सहा व्होल्टवर. म्हणून सहाच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा करावे लागले. दोन-तीन वर्षांत गुंडाळली. ट्रायम्फ बॉनव्हिलला बारा व्होल्ट मिळाले १९६६ला. पाचशे-साडेसहाशे सीसीचं इंजिन सहा व्होल्टवर फिरवायचं म्हणजे मनगटाएवढ्या केबली लागल्या असत्या. त्यामुळे मोठ्या गाड्यांत किक राहिली ती परंपरेच्या प्रेमाने नव्हे, विजेच्या दारिद्र्याने.

आणि माहिती नव्हती असंही नाही. ट्रायम्फचे एडवर्ड टर्नर १९६०मध्ये जपानला जाऊन तिथले कारखाने बघून आले, परत येऊन अहवाल लिहिला. तरी १९६८ला ट्रायडेंट आली ती तीन सिलिंडरची, ७४० सीसी, आणि किकवाली. पुढच्याच वर्षी होंडा सीबी ७५० आली: चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि बटण. ट्रायडेंटला सेल्फ मिळाला १९७५च्या टी१६०मध्ये, कमांडोला साधारण त्याच वेळी मार्क थ्रीमध्ये, आणि बॉनव्हिलला थेट १९८०च्या टी१४०ईएसमध्ये. तिच्यात मोटर कुठे बसवली? सिलिंडरच्या मागे, जिथे पूर्वी मॅग्नेटो असायचा. घरातली रिकामी झालेली खोली भाड्याने दिल्यासारखं.

सांगलीकर५००

विजेचं दारिद्र्य, मान्य. पण गरिबीतही काही चांगल्या सवयी लागतात हो.

काळं_तेल

गडगडाटसाहेब, कोल्हापुरात गॅरेज आहे, बुलेट आणि जुन्या इंग्लिश गाड्या हेच काम. किक चांगली का सेल्फ, हे नंतर बघू. आधी एक सांगा, तुमची गाडी किक उलटी मारते का? मारत असेल तर किटचे पैसे अजून भरू नका.

कारण असं. सेल्फची मोटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक एकतर्फी क्लच असतो, स्प्रॅग म्हणतात. मोटर इंजिनाला फिरवते, इंजिन पळायला लागलं की तो आपोआप सुटतो. इंजिनाने उलटा झटका दिला की तो स्प्रॅग सुटत नाही, पकडतो. म्हणजे जो दणका आज तुमच्या गुडघ्यात जातो तो उद्या स्प्रॅगमध्ये आणि गिअरांमध्ये जाणार. गुडघा निदान बोंब मारतो. स्प्रॅग गुपचूप मरतो. मार्क थ्रीत नॉर्टनने या झटक्यासाठी घसरणारा जोड दिला होता, उगाच नाही दिला.

मार्क थ्रीबद्दल लोक नावं ठेवतात, त्यात तथ्य आहे. मोटर प्रेस्टोलाइटची, ८२८ सीसीचं थंड इंजिन फिरवायला दमायची. तिकडचे लोक तिला किकेची मदतनीस म्हणून चेष्टा करायचे. पण नंतर लोकांनी तीच मोटर चार ब्रशची करून घेतली, बॅटरीपासूनच्या केबली जाड टाकल्या, अर्थ थेट इंजिनाला दिला, आणि ती बऱ्यापैकी चालते.

आता उलटी किक कशाने येते. कमांडोला पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचच्या) मागे ऑटो अ‍ॅडव्हान्स असतो, दोन वजनं आणि दोन बारक्या स्प्रिंगा. गाडी पळायला लागली की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. पूर्ण अ‍ॅडव्हान्सला २८ अंश. थांबली की स्प्रिंगांनी वजनं परत आत ओढायची. स्प्रिंगा सैल झाल्या किंवा पिन सुकली की ती आत येतच नाहीत. मग तुम्ही किक मारता तेव्हा ठिणगी पिस्टन वर पोचायच्या खूप आधी पडते आणि तो माघारी फिरतो. झाकण काढा, हाताने वजनं बाहेर ओढून सोडा. चटकन आत गेली पाहिजेत. आळसावून गेली तर तिथेच रोग सापडला. मग स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा) लावून बघा. प्राथमिक चेनच्या झाकणावर छोटं बूच आहे, आत अंशांची पट्टी असते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं असेल तर वेगळी गोष्ट. जुन्या जातीच्या युनिटांना बॅटरीचं व्होल्टेज पडलं की ती अवेळी ठिणगी टाकतात. आणि सेल्फ मारताना व्होल्टेज पडतंच. तिथे बॅटरी आणि केबल चांगली नसेल तर नवा किट आणि जुना रोग असा संसार होतो.

तिसरं, क्लच. नॉर्टनची किक गिअरबॉक्समधून, क्लचमधून, चेनमधून इंजिनाला पोचते. गिअरबॉक्सचं तेल शाफ्टमधून क्लचमध्ये झिरपलं की प्लेटा घसरतात. तुम्ही लाथ मारता, अर्धी क्लच खातो. गिऱ्हाईक म्हणतं किक जड आहे. अहो, किक जड नाही, वाया जातेय.

एवढं करून मग सेल्फ बसवा. माझा सेल्फला विरोध नाही. उलट त्याचा एक फायदा इथे कुणी सांगितला नाही: तो थेट क्रँकला फिरवतो, गिअरबॉक्समधून नाही. म्हणजे ताई म्हणाल्या तसं सिग्नलला गिअरमध्ये बंद पडली तरी क्लच दाबून बटण मारलं की झालं. न्यूट्रल हुडकायला नको.

घाटवाट

काळं_तेल काका, हा प्रतिसाद जपून ठेवला. "किक जड नाही, वाया जातेय" हे गॅरेजच्या भिंतीवर लावा.

काळं_तेल

ताई, भिंतीवर उधारीची यादी आहे, जागा नाही.

अस्थिदोष

अस्थिरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. गडगडाट, तुमचा गुडघा न बघता सल्ला देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि यावेळी मोटारसायकलचा विषय काढा.

सर्वसाधारण सांगतो. किकेत गुडघ्याला त्रास दोन प्रकारे होतो. एक, पाय ताठ ठेवून मारली आणि दांडी उलटी आली तर गुडघा मागच्या बाजूला वाकतो, तिथे अस्थिबंध दुखावतात. दुसरा प्रकार जास्त लबाड: तळवा दांडीवर, शरीर वळलेलं, गुडघा अर्धा वाकलेला, आणि त्याच स्थितीत पूर्ण वजन. वाकणं, वळणं आणि वजन तिन्ही एकदम. कूर्चा फाटायला एवढं पुरतं. एकदा शिवलेल्या किंवा छाटलेल्या कूर्चेला तर नक्कीच. म्हणून गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पाऊल सरळ, जोर मांडीतून नाही तर शरीराचं वजन खाली सोडून. आणि घोटा झाकणारा, टाच असलेला बूट. चप्पल घालून किक मारणाऱ्यांवरच माझ्या दवाखान्याचं हप्त्याचं गणित चालतं, असं म्हणायचा मोह होतो, पण पेशंट इथे वाचतात.

मी स्वतः यझदी चालवायचो. तिची किक आणि गिअर एकच दांडी. घोट्यावर अजून खूण आहे.

शेंगदाणा_चटणी

एक बातमी देऊन पळतो. ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३पासून आपल्या चाकणला बजाज बनवते. किक नाही. नॉर्टन २०२०पासून टीव्हीएसची. बीएसए महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे, नवीन गोल्ड स्टारलाही बटणच. एवढंच काय, नव्या बुलेटलाही किक नाही. म्हणजे सगळं ब्रिटिश घराणं आपल्याकडे आलं आणि येताना किक तिकडेच ठेवून आलं. धागा बंद करा.

सांगलीकर५००

धागा काय म्हणून बंद? नवीन गाडीला किक नको, हे मीही म्हणतो. त्या गाड्यांना इंजेक्शन, पंप, सेन्सर. बॅटरी मेली की किक मारून उपयोगही नाही. वाद १९७२च्या गाडीचा आहे. तिला नवं काहीतरी बसवायचं म्हणजे प्राथमिक चेनचं मूळ झाकण काढून ठेवणं आलं, आतलं सगळं बदलणं आलं. ती मग १९७२ची राहते का?

इतिहासाचा_किडा

सांगलीकर, तुमच्या एम२०ला मूळ टायर आहेत का? मूळ पिस्टन? कमांडोला लोकांनी पुढे चांगला डिस्क मास्टर सिलिंडर बसवला, आता एकच मिकुनी कार्बोरेटर बसवणारेही आहेत. व्हिन्सेंटसारख्या गाडीलाही फ्रान्सच्या ग्रोसेचा सेल्फ बसतो, आणि व्हिन्सेंटवाले मूळपणाबद्दल तुमच्याहून कडवे आहेत. नियम एकच असावा: काढलेलं प्रत्येक मूळ अंग डब्यात, नाव लिहून, गाडीबरोबर. पुढच्या मालकाला हवं तर त्याने उलटं फिरवावं.

सांगलीकर५००

डब्याचं पटलं. सेल्फचं नाही.

गडगडाट

सगळ्यांचे आभार. काळं_तेल दादा, तुम्ही सांगितलं ते शनिवारी केलं. अ‍ॅडव्हान्सची एक स्प्रिंग सैल निघाली, वजन आत जाताना वाटेत अडकत होतं. नवीन स्प्रिंगा टाकल्या, स्ट्रोबवर २८ला लावलं. क्लचमध्ये तुम्ही म्हणालात तसंच तेल. प्लेटा धुऊन घेतल्या. आता किक निम्म्याने हलकी वाटते, आणि दांडी उलटी येणं थांबलंय. हे सगळं मिळून पेट्रोलची एक टाकी भरण्याएवढाही खर्च आला नाही.

डॉक्टरीणबाईंनाही फोन केला. मोटारसायकल म्हटल्यावर आधी शांतता, मग त्यांनी विचारलं की किक म्हणजे नक्की काय करता. वर्णन केलं. त्यांचं उत्तर इथे लिहीत नाही, पण किट मागवतोय. घाटवाट म्हणाल्या तसं, सिग्नलला बटण आणि घरासमोर मूड असेल तर किक. या किटमध्ये किकेची दांडी तशीच राहते, ते विचारून घेतलं. सांगलीकर, मूळ झाकण डब्यात राहील, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून.

एक शेवटची शंका. वजन वाचवायला लिथियम बॅटरी टाकावी का? इथे बरेच जण टाकतात.

काळं_तेल

तुमच्याकडची थंडी बघता नको. शून्याच्या आसपास लिथियम पहिल्या दणक्याला करंट द्यायला कुरकुरते, आधी हेडलाइट थोडा वेळ लावून तिला ऊब आणावी लागते. सीलबंद लेड-अ‍ॅसिड घ्या, ट्रेमध्ये बसेल तेवढी मोठी, आणि क्रँकिंग अँपिअरचा आकडा बघून घ्या, नुसता अँपिअर-अवरचा नाही. किटबरोबरच्या केबली आहेत तेवढ्याच लांबीच्या ठेवा. अर्थची केबल फ्रेमला नको, इंजिनाच्या बोल्टला, आणि तिथला रंग खरवडून.

सांगलीकर५००

बसवल्यावर व्हिडिओ टाका. आवाज ऐकायचाय. बटण दाबताना कॅमेरा दुसरीकडे फिरवा.

घाटवाट

उलट बटणाचाच क्लोजअप हवा. आणि कार्बोरेटरच्या घुंड्या दाबणं सेल्फनंतरही चुकत नाही ना? म्हणजे पेट्रोलचा वास कायम?

गडगडाट

कायम. तेवढं फ्रेंचांनाही सोडवता आलेलं नाही.